गौरीचं तोंड आलं होतं तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी तीर्थपुरीला गेले तर आईपाशी नाही. देवापुढे हात जोडून बसते तेव्हासुद्धा नाही — तिथं मी डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसंही नाही. आता बसले आहे तर तोंडातून शब्द निघेना.

लेकरांचं तोंड येतं ना, त्याबद्दल सांगायचं आहे. म्हणजे — त्याबद्दलच असं नाही. पण तिथूनच जावं लागेल.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो. खाली यांचं धान्याचं दुकान, वर घर. मूळ गाव टेंभुर्णी, शेती अजून तिकडेच. मी थोरली सून. माझा नीलेश तेव्हा शाळेत जायचा, सकाळी गेला की संध्याकाळीच घरी. धाकट्या दिरांची बायको अर्चना, आणि त्यांची गौरी, चार वर्षांची. आणि आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

अर्चना शिकलेली. बियाण्यांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदावर बी मांडायचं, किती उगवतं ते बघायचं, असलं काहीतरी. रोज सकाळी डबा घेऊन, ओढणी तोंडाला बांधून ती स्कूटीवर निघायची. मी गॅलरीतून बघायची. लग्नाआधी मी तीर्थपुरीत मुलींना शिवण शिकवायचे. माझ्याकडे मुली यायच्या, मला बाई म्हणायच्या. इथं आल्यावर मशीन कोपऱ्यात गेली, तिच्यावर चादर पडली, चादरीवर गाद्या. कुणी जबरदस्ती केली का? नाही. कुणी विचारलंही नाही. अर्चनाच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “जाऊ द्या की तिला. सुलभा हाय की घरी.” सुलभा म्हणजे मी. मी घरी होते, हे खरंच होतं.

तर गौरी माझ्याकडे असायची. मला मोठी आई म्हणायची. मी तिचं सगळं करायची, आणि नीट करायची, हेही सांगते. जीव होता माझा तिच्यावर. पण रोज त्या स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला की छातीवर काहीतरी येऊन बसायचं — त्याचं काय? त्याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. मी त्याला काही नाव दिलं नाही, आणि ते वाढत गेलं.

त्या दिवशी कुरडयांचं काम काढलं होतं. उन्हाळा लागला होता. गव्हाचा चीक चुलीवर चढला की तिथून हलता येत नाही, ढवळत राहावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. आत्याबाई वर गच्चीवर जुन्या साड्या अंथरत होत्या. अर्चना निघताना म्हणाली होती, “ताई, गौरीला रात्रीपासून कणकण हाय. औषध दिलंय मी. पाणी तेवढं पाजत राहा.” मी बरं म्हटलं. ऐकलं का? कानावर आलं, एवढंच.

सकाळपासून पोरगी किरकिर करत होती. दूध नको, बिस्कीट नको. सारखी लाळ गळत होती, फ्रॉक ओला. मी चिडून फ्रॉक बदलला, तोही ओला झाला. एवढी मोठी पोर लाळ गाळते म्हणजे काय, असं मी तिला म्हणालेसुद्धा. मी एक लेकरू वाढवलं होतं, मला काय कळत नव्हतं? नीलेशचं कधी असं काही झालं नव्हतं. म्हणजे लेकरांना असं काही होतच नसतं — हा माझा हिशोब.

दुपारी मी तिला वरणभात कालवून दिला, ताट घेऊन चुलीजवळच बसवलं. गरम होता. फोडणीचं वरण होतं. तिनं एक घास घेतला आणि ओरडून थुंकला. थेट चिकाच्या पातेल्यात. मग ताट ढकललं. ताट उलटलं, माझ्या पायावर भात. आणि ती म्हणाली, “घाण! मोठी आई घाण!”

मी घाण.

शेजारी खलबत्ता होता. सकाळीच हिरव्या मिरचीचा ठेचा कुटला होता, थोडा तळाशी होता. मी बोट त्यात घातलं. तिची मान एका हातानं धरली. आणि तिच्या ओठांना लावलं — ओठांना, आणि आत, हिरड्यांवरून. घाईत नाही लावलं. मला ते आठवतं, मी घाई केली नाही. “म्हणशील पुन्हा? म्हणशील?” असं म्हणत मी लावलं.

ती जी ओरडली ना... मी ते सांगू शकत नाही. पण ती ओरडली तेव्हा तिचं तोंड पूर्ण उघडलं, आणि खिडकीचा उजेड आत पडला. तेव्हा मला दिसलं. हिरड्या लालभडक सुजलेल्या. जिभेवर, गालाच्या आतून पांढरट फोड, काही फुटलेले. सकाळपासून ती लाळ गिळू शकत नव्हती म्हणून गाळत होती. भात घाण नव्हता. मीही घाण नव्हते. तिचं तोंड आलं होतं.

मी घाबरले. ओल्या फडक्यानं पुसलं, साखर दिली, दूध दिलं. पण तिनं आता ओठ घट्ट मिटले होते. माझा हात जवळ गेला की दोन्ही हातांनी तोंड झाकायची. पाणीसुद्धा नाही. गच्चीच्या जिन्याजवळ फरशीवर जाऊन पडली. आणि मी काय केलं? मी चीक ढवळला. वरचा थुंकलेला भाग काढून टाकला आणि बाकीचा ढवळला. आत्याबाई खाली आल्या, म्हणाल्या, “का रडून राह्यली गं ती?” मी म्हणाले, “झोप आलीय तिला.” दुपारभर आम्ही दोघींनी गच्चीवर कुरडया घातल्या. खाली पोरगी पाण्याच्या एका थेंबाशिवाय पडून होती.

संध्याकाळी अर्चना आली तेव्हा गौरी उचलल्यावर मान टाकत होती. अंग तापलेलं, ओठ सुकून चिरा पडलेले. दुपारपासून शू केली नव्हती. रिक्षा करून आम्ही लहान मुलांच्या दवाखान्यात गेलो — अर्चना, मी, आत्याबाई.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी टॉर्च लावून तोंडात बघितलं, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, सलाईन लावायला सांगितलं. मग अर्चनाला म्हणाल्या, लहान मुलांत हे होतं. विषाणूमुळे ताप येतो आणि तोंडात असे फोड उठतात. आठवडाभरात, थोडं पुढेमागे, आपोआप भरून येतात. फोडांची भीती नाही, पाणी न पिण्याची आहे. तोंड इतकं दुखतं की मूल पाणी घेत नाही, आणि मग असं होतं. हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या. मग त्यांनी गौरीच्या ओठांकडे पुन्हा बघितलं.

“तोंडाला काही लागलंय का? तिखट, गरम काही, चुना वगैरे? ओठ जरा जास्तच भाजल्यासारखे वाटतात.”

प्रश्न अर्चनाला होता. ती माझ्याकडे वळली, कारण दिवसभर मी होते. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता हो. बिलकुल नव्हता. नुसतं विचारत होती.

मी म्हणाले, “न्हाई हो. काहीच न्हाई.”

इथं थांबले असते तरी — पण मी थांबले नाही. आत्याबाई म्हणाल्या, “परवा बाजारात हिनं बर्फाचा गोळा खाऊ घातला पोरीला. रंगाचा.” हिनं म्हणजे अर्चनानं. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यानं असं होत नाही आजी. पण आत्याबाई कुठल्या ऐकतात! आणि मी, सलाईन लावलेल्या त्या लेकराच्या पायाशी उभी राहून, हळूच म्हणाले, “मी तर बाई बाहेरचं काहीच देत न्हाई तिला.”

एवढंच वाक्य. खोटंसुद्धा नाही ते. मी बाहेरचं देत नव्हतेच.

अर्चना रडायला लागली. तिनं मानून टाकलं की तिच्यामुळेच झालं.

दोन रात्री तिथं काढून आम्ही गौरीला घरी आणलं. डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं होतं, आणि मी — तुम्हाला सांगते — एकेक शब्द पाठ केला. थंड दूध चमच्यानं, थोडं थोडं पण सारखं. भाताची पेज गार करून, मऊ खिचडी तूप घालून, तिखट नाही, आंबट नाही, कडक काही नाही. तापाचं आणि दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं तेवढंच, आणि जेवणाच्या जरा आधी, म्हणजे तोंड थोडं शांत असताना चार घास जातात. फोड खरवडायचे नाहीत. दुकानातून आपल्या मनानं मलम आणून लावायचं नाही. तिचा पेला, चमचा वेगळा, आपले हात धुतलेले. मी सगळं करत होते. फक्त चमचा मी पुढे केला की गौरी ओठ मिटायची. आईच्या हातून प्यायची. माझ्या हातून नाही. आत्याबाई म्हणायच्या, “आजारात आईच लागते.” सगळ्यांना ते पटलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिला जरा बोलता यायला लागलं. आईच्या मांडीवर होती. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “मोठी आईनं हाऽ लावलं.” तिखटाला ती हाऽ म्हणायची. तोंडाला तिखट लागलं की लेकरं तोंड उघडून हाऽ हाऽ करतात ना, तसं.

अर्चनानं मला विचारलं, “काय म्हणते ही, ताई?”

मी म्हणाले, “तोंडाला हाऽ लागतंय म्हणते. फोड झोंबत असतील.”

चार वर्षांचं लेकरू. त्याच्याकडे सांगायला शब्द एकच होता, आणि तो मी त्याच्या तोंडातून काढून घेतला. तिनं पुन्हा एकदा म्हटलं. मग अर्चना फुंकर घालायला लागली, “हो गं बाळा, हाऽ हाऽ होतंय का,” आणि गौरी गप्प झाली. मोठ्यांना कळत नाही हे लेकरांना फार लवकर कळतं. नंतर तिनं ते कधीच म्हटलं नाही.

अर्चनाला हैदराबादला जायचं होतं. कंपनीनं तिला निवडलं होतं, काही महिन्यांचं प्रशिक्षण, परत आल्यावर वरची जागा. दुखण्याच्या आधी घरात त्याचंच बोलणं चालू होतं. गौरी बरी झाल्यावर कंपनीतून फोन आला. दीर म्हणाले, तुझं तू ठरव. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवशी अर्चना स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. मी भाजी निवडत होते. तिनं माझ्या हातातली जुडी घेतली, निवडायला लागली, आणि म्हणाली, “ताई, मी जाऊ का? तुम्ही म्हणता तसं करते. तुमच्या भरवशावरच जायचंय.”

तिला माझ्या एका शब्दाची गरज होती. जा. बस, एवढा.

मी म्हणाले, “पोरीला तू लागतीस गं आता. बघतीस ना, माझ्या हातचं पाणी पीत न्हाई.”

तिनं मान हलवली. जुडी पूर्ण निवडून झाल्यावर उठली. पुढच्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्याबाई गेल्या. नीलेश नोकरीला लागला. स्कूटी दिरांनी विकून टाकली. अर्चना आणि मी एकाच ओट्याशी उभ्या असतो. एक लाटते, एक भाजते. पेरणीच्या आधी टेंभुर्णीहून सोयाबीन येतं तेव्हा ती मूठभर बी ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडते, गुंडाळून ठेवते, आणि कोंब आले की उलगडून बघत बसते. कधी म्हणते, “ह्यात बरंच मेलेलं हाय. हे पेरू नका.” तिचं बोलणं बराबर निघतं. दीर आता तिला विचारल्याशिवाय पेरत नाहीत. आणि ती हात धुऊन पुन्हा कणीक मळायला बसते. मी तिच्याकडे बघत नाही तेव्हा.

मी काय झाले ते सांगू? मी गल्लीतली तोंडाची जाणकार झाले. कुणाच्या लेकराचं तोंड आलं, कुणाच्या तान्ह्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर बसला, कुणाला दात येताना हिरड्या सुजल्या की बाया माझ्याकडे येतात. मी टॉर्च लावून बघते. लेकरू लाळ गाळत असेल, पाणी घेत नसेल, शू कमी झाली असेल तर मी त्यांना बसूही देत नाही, म्हणते जल्दी दवाखान्यात जा. तान्ह्याच्या जिभेवर मध चोळायला निघालेल्या आजीला मी ओरडले आहे. आणि एक गोष्ट प्रत्येकीला सांगते: लेकरानं ताट ढकललं तर आधी त्याच्या तोंडात बघा, मंग रागवा. बाया म्हणतात, सुलभाताई, तुम्हाला किती कळतं. घरी जाऊन आपापल्या सुनांना सांगतात. अर्चना शेजारीच बसलेली असते. तीही म्हणते, “ताईंनीच गौरीच्या वेळी सगळं केलं.”

आता यातून बाहेर कुठून पडायचं? दरवर्षी हे घट्ट होत जातं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या, आणि ती नोकरीवर गेली असती. वर्षानं सांगितलं असतं तर कदाचित पुन्हा कुठे लागली असती. आता सांगून तिला काय मिळेल? — हेच मी स्वतःला म्हणते. आणि म्हणताना मला माहीत असतं की मी तिचा विचार करत नाहीये.

यंदा गौरी लातूरला शिकायला गेली. जायच्या आधी तिच्या दातांना तारा बसवल्या होत्या, त्या गालाला आतून घासायच्या, तोंड सोललं होतं. दुपारी ती आरशापुढे उभी राहून ओठ खाली ओढून बघत होती. अर्चना पलंगावर तिचे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. मी गार केलेली खीर घेऊन गेले. गौरी आरशातच माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी सहज, हसून —

“मोठी आई, लहानपणी तू माझ्या तोंडाला मिरची लावली होती का गं? तोंड दुखलं की मला तसलं काहीतरी आठवल्यासारखं होतं. तू होतीस आणि चुलीवर काहीतरी पांढरं रटरटत होतं.”

बघा. इतक्या वर्षांनी मला पुन्हा विचारलं गेलं. तिच्या आईसमोर, आणि भांडणात नाही, रागात नाही. हो म्हणायला याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

“काहीतरीच! स्वप्न पडलं असंल,” मी म्हणाले.

“असंल,” ती म्हणाली, आणि खीर घेतली. माझ्याच हातून घेतली.

अर्चनाचे हात थांबले होते. एक ओढणी होती हातात, अर्धी घडी घातलेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गौरीकडेही नाही. थोडा वेळ त्या ओढणीकडे बघत राहिली, मग उरलेली घडी घातली, बॅगेत ठेवली, आणि चेन ओढली. तो विषय तिनं आजवर काढलेला नाही. तिला कळलं का? का आधीपासूनच ठाऊक होतं, त्या हाऽ पासून? मला माहीत नाही. ती पूर्वीसारखीच ताई म्हणते. चहा देताना पूर्वीसारखीच कपाला खालून पदर लावून देते. पण ‘ताईंनीच सगळं केलं’ हे वाक्य मात्र मी तिच्या तोंडून नंतर ऐकलं नाही.

आणि अजून एक राहिलं आहे. हे सगळं सांगितलं ते त्याच्यासाठीच, आणि तरी मी त्याच्या भोवती फिरत राहिले.

अर्चनानं नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं गॅलरीत जाऊन उभी राहिले. स्कूटी खालीच उभी होती. आत स्वयंपाकघरात ती भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. आणि मला बरं वाटलं. भीती टळली म्हणून नाही — ती टळून बरेच दिवस झाले होते. आता घरात मी एकटी नाही, म्हणून बरं वाटलं. छातीवरचं ते ओझं उतरलं होतं. मी आत गेले, तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिला शेगडीची कोणती बाजू नीट पेटत नाही ते दाखवलं. त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

हे मी केलं. रागाच्या भरात मिरची लावली, असं एखादी म्हणू शकेल. पण हे बरं वाटणं रागाच्या भरातलं नव्हतं, आणि ते एका दिवसात गेलंही नाही.

गौरी गेल्यापासून घरात दुपारी आम्ही दोघीच असतो. आत्ता अर्चना पलीकडच्या खोलीत आहे, जागी आहे. मी हाक मारली तर ओ देईल. मी मारलेली नाही.